मग

नंदलालपुऱ्यात, भाजीमंडईच्या मागल्या अंगाला
बाबांचा छापखाना होता:
एक ट्रेडल, खिळ्यांच्या बावीस केसेस, रॉकेलचा वास,
आणि इब्राहीमचाचा, ज्यांचा उजवा पाय
झोपेतही पायट्यावर असल्यासारखा हलायचा.

तांबवेकर सर दर शनिवारी यायचे
शेवेची पुडी घेऊन, आपल्या पुस्तिकेचं प्रूफ तपासायला.
बत्तीस पानं. विषय, हे सगळं कुणी केलं.
पान सातवर सर विचारत होते :
लाख वर्षं हादरवत बसा या केसेस,
पडेल का त्यातून आपोआप एक तरी ओवी?
नाही ना? तर मग डोळा, जास्वंद,
पोटातल्या पोटात कूस बदलणारं मूल
जुळवणाऱ्यावाचून जुळलं म्हणता?

बाबा मान खाली घालून जुळवत होते.
त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं.
एवढंच म्हणाले, सर, 'कर्ता' पुढे सरकत नाहीये,
रफार संपलेत. सोमवारी मिळतील.

आणि त्याच दुपारी (मी नऊ वर्षांची,
स्टुलावर चढून शाईचा डबा काढताना)
अख्खी केस खाली आली.
एकदाच वाजलं. नंतर कोपऱ्यात कुठेतरी
एक वेलांटी सरकत जाऊन थांबली.

बाबांनी हात उगारला नाही. म्हणाले,
उचलू नकोस. आधी वाच.

चौघं गुडघ्यांवर. उलटी अक्षरं
मी सुलट्यांच्या आधी शिकले होते.
काही नव्हतं. बेवारस काने,
पाठीवर पडलेला ळ, एकमेकांत अडकलेले
अर्धे श, अर्धे ण, विरामचिन्हांचा चुरा.
सरांचा चेहरा उजळत चाललेला.
आणि टेबलाच्या पायाशी, खांद्याला खांदा लावून,
दोघंही तोंड वर करून :
म. ग.

योगायोग, सर म्हणाले. दोन अक्षरांची काय ओवी होते?
इब्राहीमचाचा म्हणाले, भिया, ये तो पूछ रहा है.
ते जाऊ द्या, सर म्हणाले, खिळे कुणीतरी ओतलेच ना?
ओतले, बाबा म्हणाले.
मग! सरांनी मांडीवर थाप मारली.
आणि ओतणाऱ्याला? मी विचारलं. मग?
शब्द तोच. त्यांचा दार लावत होता, माझा उघडत.

बाबांनी म म-च्या घरात टाकला, ग ग-च्या.
रात्री अकरापर्यंत आम्ही निवडत होतो.

एक गोष्ट सरांना कुणी सांगितली नाही.
त्याच्या पुष्कळ आधी, बाबा दुसऱ्याकडे नोकरीला असताना,
रामबागेतल्या एका लग्नपत्रिकेत
एकवीसचे बारा झाले होते.
देवासहून पाहुणे नऊ दिवस आधी उतरले
कुलूपबंद कार्यालयापाशी,
आणि मालकांनी माफी मागायला
कचोऱ्यांचा पुडा देऊन धाडलं
ज्यानं आकडे फिरवले त्याच पोराला.
एक मुलगी ट्रंकेवर बसून हसत होती.
मी त्या मुद्रणदोषाची मुलगी आहे.
आई शेवटपर्यंत विचारायची, खरं सांगा, चुकून?
बाबा बोटांची शाई पुसत राहायचे,
जी निघत नसे.

पुस्तिका निघाली, अडीचशे प्रती, पान सात जसंच्या तसं.
सोमवारी रफार आलेच नाहीत;
बाबांनी दुसऱ्या टाइपातले लावले, जरा जाड,
त्यामुळे त्यातला प्रत्येक 'कर्ता'
डोक्यावर काहीतरी पडल्यासारखा दिसतो.

आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.
शिसं बॅटरीवाल्यानं किलोवर नेलं.
दोन खिळे मी ठेवलेत, कोणते ते सांगायला नको.
कधी रात्री तळहातावर दाबून धरते, शाईविना.
उचलले की दिसतात, सुलटे, लालसर,
वाचून होईल एवढा वेळ.
मग कातडी भरून येते.