वेग पाच

माझी पाळी आली तेव्हा तीनच रंग उरले होते.
दोन तपकिरी, आणि एक हिरवा,
वाळलेल्या शेवाळाचा असतो तसला.
आग, वीज, पंख, आयाळ
आधीच्यांनी केव्हाच उचलून नेलेलं.
काजितानीसान म्हणाले, "सुगाको, काहीतरी गोल काढ.
मागून पुढून सारखंच दिसेल असं.
कार्ट्रिजमध्ये जागा नाही."

मी आईचा दगड काढला.
योकोतेच्या घरी, मागच्या पडवीत,
मुळ्याच्या पिंपावर तो बसून असायचा
अख्खा हिवाळा, डोक्यावर ओलं फडकं घेऊन.
लहानपणी मला वाटायचं, याला ताप आलाय.

डोळे दिले, जरा जास्तच जवळजवळ.
तोंडापर्यंत येता येता चौकोन संपले.

नाव ठेवलं ओमोशिन.
पोरांनी ठेवलं रताळं.
एका मासिकानं कौल घेतला :
दोनशे बारा प्राण्यांत आमचा दोनशे अकरावा.
दोनशे बारावा होता तो बिचारा
एका चुकीमुळे खेळात कुणाला सापडतच नव्हता.

आकडेही असे की बघवत नाहीत.
हल्ला वीस. वेग पाच.
"पाच तरी कशाला? शून्य टाकू,"
काजितानीसान शेवया भुरकत म्हणाले.
मी म्हटलं, नको.
मुळ्यातलं पाणी सुटतं
तसा दगडही खाली सरकतो, रोज थोडा.
"बरं, पाच."

डाव एकच शिकवला त्याला : दाब.
ज्याच्यावर बसला त्याला माघार नाही, बदली नाही.
आणि आपली पाळी जितकी उशिरा
तितकं वजन जास्त.
एवढी शेवटची ओळ
पुस्तिकेत छापायची राहिली.

परवा योकोतेच्या सभागृहात जुन्या खेळाची स्पर्धा होती.
बाहेर छातीएवढा बर्फ.
भाचीच्या मुलाला घेऊन गेले होते,
तो पहिल्याच फेरीत हरून
स्टोव्हपाशी संत्र्याचा रस पीत बसला.

शेवटच्या टेबलावर हातायामा नावाचे बसचालक.
गणवेशातच आलेले,
पांढरे हातमोजे घडी करून खिशात.
समोर बारा-तेरा वर्षांचा मुलगा, आणि त्याचा तो अग्निपक्षी.
ओळखते मी त्याला.
माझ्या वाटचे रंग त्याच्याच शेपटीत गेले.

हातायामांनी रताळं काढलं.
मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

पक्ष्याचा पहिला वार : निम्मा जीव गेला.
दाब.
दुसरा वार : चतकोर उरला.
दाब.
आता मुलाला पक्षी मागे घ्यायचा होता.
त्यानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं.
पडद्यावर तेच : हलता येत नाही.
यंत्र कानाशी धरून हलवून पाहिलं त्यानं.
तिसऱ्या वाराला ओमोशिनचा जीव
एका चौकोनाएवढा शिल्लक, लाल,
आणि मग, सगळ्यांचं सगळं करून झाल्यावर,
त्याची पाळी.

"सुटलं पाणी," मी मोठ्यानं म्हणाले.
मुलाची आई वळून बघायला लागली.

पुढच्याच फेरीत हातायामा हरले.
कुठल्याशा विषारी गोगलगायीनं
दोन डावांत निकाल लावला. वजन पडायला
निदान तेवढा वेळ तरी टिकायला हवं ना.

बुटांच्या कपाटापाशी गाठलं त्यांना.
हाच का घेता, विचारलं.
ते एकेक बोट हातमोज्यात सरकवत राहिले.
"मुलीचं कार्ट्रिज आहे. ती सेन्दाईला गेली.
यात हा एकटाच त्रेचाळिसाव्या पातळीवर होता.
बाकी सगळे पाच-सहावर."
मग घड्याळ पाहिलं. साडेतीनची बस होती त्यांची.

मी काढलाय तो, हे सांगायचं होतं.
तोंडून भलतंच गेलं :
"त्याला तोंड नाहीये, लक्षात आलं का तुमच्या?"

"आहे की," दार सरकवत ते म्हणाले,
"फडक्याखाली."