मागचं सगळं

वादळानंतर अकराव्या दिवशी बोट लागली.
धक्का उरलाच नव्हता.
छातीएवढ्या पाण्यातून
कॅमेऱ्याची पेटी डोक्यावर धरून आम्ही चालत आलो
तेव्हा काळ्या वाळूवर बसलेल्या बायका म्हणाल्या,
'आम्हाला वाटलं तांदूळ आले.
हे तर पुन्हा डोळाच घेऊन आले.'
आणि हसल्या. हसू त्यांचं शाबूत होतं.

दोन वर्षांपूर्वी मी इथे इतिहास चित्रित केला होता.
लेइपाकोआ म्हातारी, दारासमोर चटईवर,
सांगत होती आजोबांचं:
जहाजातल्या माणसाने लाल कापड हलवलं,
पोरं बघायला होडीतून गेली,
आणि उसाच्या मळ्यात अकरा वर्षं राबली.
आजोबा परतले ते एक लोखंडी हंडा घेऊन
आणि एकाच पायात बूट.
दुसऱ्या बुटाची गोष्ट बेटावर घरागणिक वेगळी.

हंडा आहे अजून.
आज त्यात साऱ्या गावाचं पाणी उकळतंय.
घर नाही.

संध्याकाळी आडव्या पडलेल्या वडाच्या मुळांना
चादर बांधली, जनरेटर खोकत सुरू झाला.
जुनं चित्रण दाखव, म्हणाले.
दाखवलं.
आजोबांकडे कुणी लक्ष देईना.
'मागे बघ, मागे!' पोरं ओरडत होती,
'आमचं कुत्रं!'
'ती दोरीवरची निळी चड्डी माझी!'
'थांबव. माझा भाऊ गेला आत्ता. मागे घे.'
तो भाऊ राजधानीत आहे, बरा आहे,
तरी चार वेळा मागे घेतलं.

लेइपाकोआ मात्र गप्प.
मग म्हणाली, 'माझ्यामागे हा धूर कसला?'

धूर नाही आजी, मी म्हटलं,
भिंग असं लावलं की चेहरा उठून दिसतो,
मागचं विरघळतं.
आमच्या धंद्यात याला सुंदर म्हणतात.
तिने सगळं ऐकून घेतलं.
'माझा चेहरा मी घेऊनच फिरते गं,
तो कुठे जातोय?
मागे नीरफणस होता. सासूने लावलेला.
त्याच्या फांद्या किती, तेच तू पुसून ठेवलंस.'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
जनरेटरने दोनदा उचकी दिली.

शेवटी कामाला आला तो वाया गेलेला तुकडा.
जेवताना माझा सहायक कॅमेरा बंद करायला विसरला होता,
जमिनीवर, तिरका,
सात मिनिटं, कुणाकडेच न बघता.
त्यात होतं सगळं लख्ख:
खांब, आढं, छपराच्या पानांची वीण,
दोरीची गाठ डावीकडून की उजवीकडून.
तारिमाता सुतार चादरीला नाक लावून उभा राहिला,
केतकीच्या पातीने मापं घेऊ लागला.
म्हातारी त्यात दारात उभी होती
आणि तिची उंची तर सगळ्यांना ठाऊक.
'दार सव्वा लेइपाकोआ,' तो ओरडला,
'आढं पावणेतीन लेइपाकोआ!'
अंधारात कुणीतरी कोळशाने लिहून घेत होतं
पडक्या चर्चच्या फळीवर.

सकाळी ती पुन्हा बसली त्याच जागी.
या वेळी मी भिंगाचं तोंड बारीक केलं,
जवळचं आणि लांबचं एकाच धारेवर आणलं.
'आता दिसतं का मागचं?'
दिसतं, मी म्हटलं.
'काय दिसतं?'
काहीच नाही, असं ओठावर आलं होतं.
मग एकेक सांगत गेले:
सात खड्डे, त्यातल्या तिनांत नवे खांब.
बुंधा, ढोपराएवढा.
दोन बाया जमिनीतला खड्डा उकरताहेत,
वादळाआधी पुरून ठेवलेला फणस निघतोय,
आंबलेला, पिवळा.
(वास कॅमेऱ्यात येत नाही. आमच्या नाकात तो आठवडाभर राहिला.)
आणि समुद्र दिसतोय आजी,
थेट तुझ्या कानाजवळ.

'तो नको,' ती म्हणाली. 'तो मधे झाड असताना बरा होता.'

मी कॅमेरा सरकवला नाही.
तिनेच चटई जराशी वळवून घेतली.