पायी की चाकावर

भुजिंगदादा चौगले, वय विचारलं की 'लई' म्हणतात,
पोझनानहून आलेलं हालिनाचं पत्र घेऊन जिना चढले.
म्हणाले, हिला हिच्याच भाषेत उत्तर लिवायचं.
माझ्याकडं एक जुना कोश, इंग्रजीतून पोलिशचा,
पाठ पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलेली.
म्हणून आधी मराठीचं इंग्रजी,
मग इंग्रजीचं पोलिश,
सांगलीला कराडवरून जावं तसं.

पहिलंच वाक्य: मी वळिवड्याच्या कॅम्पात दूध घालायला जात होतो.
इंग्रजीत त्याचं झालं 'वेंट'.
गुळगुळीत शब्द, पंचगंगेतल्या गोट्यासारखा,
कुणाच्याही मुठीत बसणारा.
पोलिशनं मात्र जकात नाक्यावर अडवलं.
गेला, पण कसा? पायी की चाकावर?
एकदाच की रोज?
आणि गेला तो बाप्या होता की बाई?

पायी, एका दिशेनं: इश्च.
पायी, रोजचं, जाऊन येऊन: होजिच.
चाकावरून: येहाच. ऐकताना 'ये' ऐकू येतं, पण अर्थ जाणं.
चाकावरून, सवयीनं: येझ्जिच,
इथं माझी जीभ दातात सापडली.

'दादा, उचगावातनं चालत जात होता की सायकलीनं?'
दादांनी चष्मा काढला.
'जाताना चालत, डोस्क्यावर घागर.
येताना रिकामी घागर, मग गुळाच्या गाडीला लोंबकळत.
एकदा वढ्याला पाणी आलं, तवा म्हशीवर बसून.
म्हशीला चाकं धरत्यात का वं?'
कोशात म्हैस होती, तिच्यावरून जाणं नव्हतं.
घोडा सापडला. घोड्यावरचं जाणं चाकात धरतात.
म्हशीचं आम्ही घोड्यावर भागवलं.

भिंतीवर घड्याळ टिकटिकत होतं.
इंग्रजांचं घड्याळ पळतं.
पोलिश घड्याळ चालतं, होजिचच,
आणि आपलं तरी दुसरं काय करतं?
हे ऐकून दादा एवढे खूश झाले
की खाली जाऊन दोन चहा सांगून आले.

दुपारपर्यंत चार ओळी.
हालिनानं शेवटी विचारलं होतं,
निघताना मी काय म्हणाले, आठवतं का?
'आठवतंय की. गाडी हलली,
खिडकीतनं वरडली: येतो!'

येतो. येते नव्हे.
कोल्हापूरच्या पोरी म्हणतात तसं.
मी म्हणतो तसं.
शाळेत सबनीसबाई पट्टी उगारायच्या, 'गेले' म्हण, 'गेले',
आम्ही पोरी 'गेलो' म्हणतच घरी गेलो.
पोलिशमध्ये मला पोश्वाम म्हणावं लागतं, बाई गेली.
पोशेद्वेम म्हटलं तर मिशा फुटतात.

आता हे 'येतो' कसं न्यायचं?
जाताना 'जातो' म्हटलं
तर आई तोंडावर हात ठेवायची,
ही गोष्ट इंग्रजीच्या नाक्यावरून सुटेना.
मग इंग्रजी वगळली, कोशाची मागची बाजू उघडली.
पायी येईन: प्शिय्दे.
गाडीनं येईन: प्शियादे.
मधे एवढे समुद्र. मी दुसरं लिहिलं.

दादांनी वाचून घेतलं, शब्दावर बोट ठेवलं.
'चाकाचं खोडा.
फाटकापतुर ती रोज चालतच यायची.'
'अहो दादा, पोलंडहून?'
'किती लांब हाय ते तिला ठाव हाय. तुमी लिवा.'

खोडलं. लिहिलं.
पाकीट उरलेल्या सोल्युशननं चिकटवलं,
खोलीभर सायकलच्या दुकानाचा वास.
दादा उठले, गुडघ्यावर हात, मग कठड्यावर,
एक पायरी. थांबले. दुसरी.
वळून म्हणाले, 'येतो.'
या, म्हटलो मी.