बाराशे साठ

आमच्या गावात पाटी विकत आणावी लागत नसे.
खाणीच्या ढिगात हात घातला की निघायची,
दाराच्या पायरीवर कड घासली
की झाली.

शाळेत आम्ही एकोणीस जण.
खिडक्या उंच, बाहेर बघता येऊ नये म्हणून;
पण आवाजाला कोण अडवणार?
बाराला बिगूल वाजायचा, मग सुरुंग.
दौतींतल्या शाईवर बारीकशी लाट उठायची
आणि प्रत्येक पोर मनातल्या मनात
आपला बाप मोजून घ्यायचं.

बेरीज इंग्रजीत. ठेच लागली की वेल्श.
मिस प्रोसरचा हा नियम कुठे लिहिलेला नव्हता.

फेब्रुवारीत तपासणीला साहेब आले,
घोट्यापर्यंत भिजून;
बस खालच्या पुलाशीच थांबते
हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.
हजार म्हणजे किती, त्यांनी विचारलं.
शेवटच्या बाकावरून इथेल उठला,
बाहीला नाक पुसलं,
म्हणाला, बाराशे साठ.

साहेब हसले.
मग थांबले, कारण आमच्यातलं कोणीच हसत नव्हतं.
आम्हांला उत्तर बरोबर वाटलं होतं.

खाणीचा हजार तसाच असतो, सर.
बाराशे मोजायच्या, वर साठ,
वाटेत फुटतील त्यांच्या.
पैसे हजाराचेच.

मिस प्रोसरनी खडू उचलला. खाली ठेवला.
त्याही दगड चिरणाऱ्याचीच लेक.
परत उचलला, फळ्यावर एकावर तीन शून्यं काढली
आणि इथेलला ती वीसदा लिहायला लावली
त्याच्याच पाटीवर,
त्याच्याच बापाने सोललेल्या.

छपराच्या पाट्यांना मापाप्रमाणे नावं असत,
डचेस, काउंटेस, लेडी.
माझ्या बापाच्या हातून रोज शेकडो डचेस जायच्या,
खरी एकही त्याने पाहिली नव्हती.
रात्री त्याला ही गोष्ट सांगितली.
तो हसला, हसताहसता खोकला,
आणि खोकला थांबेपर्यंत
आईने बटाट्यांचं भांडं हातातच धरून ठेवलं.
मग म्हणाला, पोरगं हुशार आहे.
एवढंच. आणि ताक मागितलं.

चौदाव्या वर्षी इथेल वर गेला.
सोळाव्या वर्षी एका मंगळवारी
बिगूल अवेळी वाजला.
वर्गाच्या फोटोत तो आहे, तिसऱ्या रांगेत,
डोळे मिटलेला;
फोटोवाल्याकडे दुसरी काच नव्हती.

मी पुढे लिव्हरपूलला
कापडाच्या दुकानात चाळीस वर्षं गल्ला सांभाळला.
एका पेनीची चूक नाही.
पण घरी पाहुणे यायचे असले
की कप मांडताना हात थांबत नाही.
सून विचारते, आणखी कोण येणार आहे?
कोणी नाही, मी म्हणते, हे फुटीचे.
आई, ती म्हणते, हे कप फुटत नाहीत.

बरं, म्हणते मी.
आणि एक आणखी मांडते.