टोकन तरतूद

अंदाजपत्रकाच्या पान एकशे बेचाळीसवर
खालून चौथी ओळ माझी.
साथरोग सर्वेक्षण व माहिती संकलन :
रुपये एक हजार फक्त.

बिंगीबाईंना फोनवर वाचून दाखवली
तर म्हणाल्या, महिन्याचे का?
वर्षाचे.
मग पलीकडून बराच वेळ
शेजारच्या मागाची खडखड तेवढी ऐकू येत राहिली.

लेखाधिकारी तसे भले गृहस्थ.
चहा मागवला, समजावून सांगितलं :
शून्य टाकलं तर शीर्ष मरतं, मॅडम,
पुन्हा उघडायला चार ठराव लागतात.
हजार टाकले की जिवंत राहतं.

माझ्याकडे एक संगणक आहे.
त्याचं शून्याचं बटण अडकतं,
जोर लावून दोनदा दाबावं लागतं,
नाहीतर दहा रुग्णांचा एक होतो.
एक नकाशा आहे, हद्दवाढीच्या आधीचा.
शेळगी त्यात नाहीच.
शेळगीचा ताप मी चौकटीबाहेर टोचते,
थेट भिंतीत. चुना पडतो टेबलावर.

पण एवढ्यावरही दिसतं.
नळाला पाणी पाचव्या दिवशी,
म्हणून दारोदार पिंप.
जलवाहिनी फुटली की पाचाचे आठ होतात,
दुसरं पिंप येतं, तिसरं येतं, तळ कुणी घासत नाही.
आणि तीन आठवड्यांनी
लाल टाचण्या संपतात.
हे मला कुणी शिकवलं नाही.
टोचता टोचता कळलं.

मंगळवारी जलवाहिनी फुटली.
बुधवारी मी पत्र टाईप केलं :
औषध फवारणी, पिंपांची तपासणी, तातडीने.
शेरा आला. 'निधी उपलब्धतेनुसार.'
शाई हिरवी होती, अक्षर सुरेख.

विसाव्या दिवशी बिंगीबाई आल्या,
चप्पल बाहेर काढून, जणू देवळात.
पदराची गाठ सोडून
तेंदूच्या पानांची एक जुडी ठेवली माझ्यापुढे,
दोऱ्याने बांधलेली.
वर दोन पानं सुटी.

विडी घरकुलातल्या नरसम्मा दुडमनं दिलंय, म्हणाल्या.
तापलेल्या लेकरामागं एक पान.

नरसम्मा दिवसाला हजार विड्या वळते,
न बघता पंचवीस मोजते.
एक जरी कमी निघाली
तर चेकर अख्खी जुडी मोडतो तिच्यासमोर.
तिनं निरोप धाडला होता :
मला लिव्हाया येत नाही, मोजाया येतंय.
पहिलं पान वाळलंय बगा. शेवटचं कालचं हाय.

मी दोरा सोडला.
खालचं पान खरंच चुरचुरलं.
वरचं अजून ओलसर, बोटाला तंबाखूचा वास.
तारखा नव्हत्या, पण क्रम होता.
अशी नीट माहिती
मला आजवर कुठल्याच दवाखान्यानं पाठवली नाही.

पडद्यावर रकाना : माहितीचा स्रोत.
शासकीय. खासगी. प्रयोगशाळा. इतर.
मी इतर निवडलं.
बिंगीबाई मागं उभ्या, पदराला हात पुसत.
हजारातून काय घेतलंत? त्यांनी विचारलं.
टाचण्या, म्हटलं. आणि हा नवा दिवा.
बरं केलंत, म्हणाल्या,
आणि टेबलावरचा चुना तळव्यानं गोळा करू लागल्या.

रुग्णसंख्या :
मी दोन दाबलं. सात दाबलं.
सत्तावीसमध्ये शून्य नाही.
एकदाच दाबलं, उमटलं.