पाच पाणी

मोपापासून हॅलिफॅक्सपर्यंत
बारा हजार बावीस किलोमीटर.
मोबाइलवर काढून मी आपाला सांगितलं.
निवतीच्या बंदरात, पालथ्या होडीच्या सावलीत,
जाळ्याचं फाटकं तोंड पायाच्या अंगठ्यात धरून तो बसला होता.
म्हणाला, "माका वावात सांग."

वाव म्हणजे पसरलेले दोन हात,
या बोटापासून त्या बोटापर्यंत एक माणूस.
मी भागाकार केला:
पासष्ट लाख, त्र्याहत्तर हजार, वर आणखी काही माणसं.
आपाने सुई थांबवली नाही.
"आणि थंय जावन करतली काय?"
"शेवंडांचा अभ्यास."
"शेवंडा हय गावनत नाय?"
प्रणिता हसली. मग हसायची थांबली.

शाळेतला पृथ्वीगोल मी एका रात्रीपुरता मागून आणला.
आपाने त्यावर जाळ्याचा धागा ताणला,
एक टोक आमच्या किनाऱ्यावर, दुसरं तिच्या.
धागा पश्चिमेला राहीना.
घसरत घसरत वर गेला:
कॅस्पियन, रशिया, नॉर्वेचे डोंगर,
मग ग्रीनलंड उजव्या हाताला ठेवून खाली.
आपाने तो तीनदा सोडला, तीनदा ताणला.
जन्मभर मावळतीकडे नाळ करून जो दर्यात शिरला
त्याला कुणी सांगितलं नव्हतं
की मावळतीची जवळची वाट उत्तरेतून निघते.

त्या वाटेने साडेचौदा तास.
पण त्या वाटेने विमानच जात नाही.
आधी मुंबई, मग लंडन,
मधे खुर्चीला पाठ न टेकणारी झोप,
एकूण एकतीस.
चिपीच्या विमानतळाचे दिवे आमच्या सड्यावरून दिसतात,
तरी तिला निघायचं उलटं, दक्षिणेला,
बर्फाच्या खोक्यांचा वास मारणाऱ्या माझ्या टेम्पोतून.
ते दोन तास कुठल्याच हिशेबात नाहीत.

एकतीस.
आपाने बोटांची पेरं मोजली:
भरती, सुकती, भरती, सुकती, भरती.
"पाच पाणी," म्हणाला,
आणि अंतर पहिल्यांदा त्याच्या तोंडावर उमटलं.
पाच पाणी त्याला ठाऊक होती.
देवगडच्या बाहेर इंजिन बंद पडलं तेव्हा
एवढीच काढली होती त्याने,
एक बाटली पाणी आणि ओल्या पोह्यांवर.

बॅग आम्ही मासळीच्या काट्यावर तोलली.
पंचवीस भरली. कोकमांची पिशवी काढली,
परत घातली, स्वेटर काढला.
स्वेटर मोठा, माझाच होता.

मोपाला काचेच्या दाराशी शिपायाने मला अडवलं.
तिने आतून हात केला,
एकच. दुसऱ्यात पासपोर्ट होता.

त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, पुन्हा रात्री
आपा धक्क्यावर जाऊन बसला.
मोबाइलकडे बघितलंही नाही.
पाणी चढलं, उतरलं. ट्रॉलर आले, गेले.
कुणी विचारलं तर म्हणायचा, "तिसरा चालू हा."

पाचवी भरती धक्क्याच्या वरच्या पायरीला लागली
तेव्हा उठून त्याने लुंगी झटकली.
"चेडू पोचला."

माझ्या हातातल्या पडद्यावर
तांदळाएवढं विमान अजून निळ्यातच होतं.
चाळीस मिनिटं उशीर.
मी बोललो नाही.
पायरीवरचं पाणीही, का कोण जाणे,
वळायचं सोडून तिथेच उभं राहिलं होतं.