एका ठिपक्यातून दोन

नर्स सेंट जॉन्सहून आली,
बर्फ सरून रस्ता मोकळा झाला त्याच आठवड्यात.
चर्चच्या हॉलमध्ये, आम्ही पत्ते कुटतो त्या टेबलावर
एका बाजूला चहा, एका बाजूला सुया.

आजोबा? तिने विचारलं.
अझारिया हिस्कॉक, ड्रूसिला म्हणाली,
कोपरं, गुडघे, कानांमागे.
आम्ही त्याला मिठाची खाज म्हणायचो.
उन्हाळ्यात कॉड वाळत घालताना
गडी सगळे बाह्या सारून,
आजोबांची मात्र मनगटापर्यंत बटणं लावलेली.

नर्सने चौकोन काढला, पेन्सिलीने काळा केला.
आजोबांची बहीण: गोल, काळा.
तिचा मुलगा, जो बुडाला: अर्धवट खोडलेला चौकोन,
कारण त्याला उघडा कुणी पाहिलाच नव्हता.

डॉर्सेटहून एका गलबतातून सात घरं आली,
मग खाडीतच लग्नं, खाडीतच पाळणे.
हिस्कॉकांचं नाक क्लूएटांच्या घरात सापडतं,
आणि कोणी चकित होत नाही.
नाकांचा हिशेब आम्ही तोंडपाठ ठेवला.
हा हिशेब बाह्यांच्या आत राहिला.

मग आमची पाळी.
एक ठिपका. त्यातून दोन तिरप्या रेघा,
मध्ये आडवी एक, म्हणजे हुबेहूब जुळ्या.
ड्रूसिलाचं वर्तुळ भरलं.
माझं कोरं.

पासष्ट वर्षं मी त्या कोऱ्या वर्तुळात राहते आहे.

तिथून मी पाहिलं:
मासळीच्या कारखान्यात मुकादम तिला म्हणाला,
तू मागे पेट्या रच, पुढे गिऱ्हाईक येतं.
खवले काढणाऱ्या बाईचे खवले त्याला खुपले.
पाहिलं, तिची नखं टाचणीने टोचल्यासारखी झाली,
बोटं सुजली, जाळ्याची गाठ मारता येईना.
जाळं मी विणायचे. ती दोरा धरायची.

नर्स म्हणाली, तुमचं रक्त सारखंच निघेल,
अक्षर न् अक्षर.
सहाव्या गुणसूत्राच्या आखूड टोकाशी
जे तिच्यात आहे ते तुमच्यातही असणार.
ज्यांच्यात असतं त्यांना ते लवकर गाठतं, बहुधा जोरातही,
पण सगळ्यांनाच गाठतं असं नाही.
नुसत्या रक्तावर भागत नाही, काहीतरी निमित्त लागतं.
लहानपणी घसा वगैरे धरला होता का?

ड्रूसिला माझ्याकडे बघेना.

आठ वर्षांच्या होतो. फेब्रुवारी. एकच पांघरूण.
घसा आधी माझा धरला.
मी तिच्या कपातलं दूध प्यायले,
तिला न सांगता, माझं संपलं होतं म्हणून.
माझा ताप चार दिवसांत उतरला.
तिला तीन आठवड्यांनी पोटावर लाल थेंब उठले,
कुणी कुंचला झटकावा तसे,
आणि आई म्हणाली, हिला मीठ लागलं.

हे मी नर्सला सांगितलं. दुधासकट.
तिने लिहून घेतलं: घसा, आठव्या वर्षी, दोघींना.
कपासाठी तिच्या कागदावर रकाना नव्हता.

नातवंडं? ती म्हणाली.
तेव्हा मला फोन काढावा लागला.
माझा कोल्बी, अल्बर्टात तेलाच्या कामावर,
गेल्या महिन्यात त्याने फोटो पाठवला होता:
आजी, हे काय असेल?
कोपर. अझारियाचं कोपर,
बटणं उघडून, चार हजार मैलांवर.
मी कोरी, माझी मुलगी कोरी,
आणि आमच्या दोघींच्या हातून हे
न भिजता, न फाटता पोचतं झालेलं.

नर्सने खाली चौकोन काढला, भरला.
पेन्सिल क्षणभर माझ्या वर्तुळावर थांबली.
मीच म्हटलं, टाका.
तिने मधोमध बारीकसा ठिपका टाकला.

ड्रूसिलाने एव्हाना माझा फोन घेतला होता.
सुजल्या बोटांनी बटणं दाबायला तिला वेळ लागतो,
मी मदतीला हात पुढे केला नाही.
कोल्बी, ती म्हणाली, मी मोठी आजी.
हो, तेच आहे. घाबरू नकोस.
डॉक्टरकडे जा, सांध्यांचंही विचार, लाजू नकोस.
आणि हे बघ, डांबराचं मलम दिलंच
तर चांगली चादर घालू नकोस,
डाग जात नाही.